कळफलक कोणाच्या बोटांसाठी?



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह डोळ्यांसमोर येतात. पण ज्या हत्यारावर माणूस रोज आठ तास राबून पोट भरतो, त्या हत्यारालाही इतिहास असतो. अक्षरे उमटवणारा कळफलक हे असेच एक हत्यार. तो ज्यांनी आखला आणि ज्यांनी तो बडवला, ती माणसे बहुधा निराळी होती. आणि नव्या मांडणीशी जुळवून घेण्याची किंमत मात्र बडवणाऱ्यांनीच भरली. एवढेच मला आज दाखवायचे आहे.

अमेरिकेतील मिलवॉकी शहरात ख्रिस्तोफर शोल्स नावाचा वृत्तपत्रवाला गृहस्थ होता. १८६८ साली त्याने व त्याच्या सोबत्यांनी टंकलेखन यंत्राचे पेटंट मिळवले. पुढे बंदुका आणि शिवणयंत्रे बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये ते यंत्र बाजारात आणले. इंग्रजी कळांचा आजचा क्रम तेथूनच आला. १९३६ साली ऑगस्ट ड्वोराक या प्राध्यापकाने दुसरी मांडणी पुढे केली. तीत सगळे स्वर डाव्या हाताच्या मधल्या ओळीत होते, म्हणून बोटांना कमी हिंडावे लागे. तरी जुनीच टिकली. कारण लाखो बोटांना ती पाठ झाली होती. सवय हीसुद्धा एक मोठी शक्ती आहे!

आता आपल्या लिपीकडे वळू. सव्वीस अक्षरांच्या यंत्रात काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे बसवायची कशी? त्यावर युक्ती निघाली ती खंडाक्षरांची. ख, ध, भ, श यांच्या अर्ध्या आकाराला कळ दिली आणि शेवटचा उभा दंड वेगळा ठेवला. आपल्या चारठाण्याच्या जुन्या देवळांत घडीव दगडावर दगड बसवावा, तसे अक्षर तुकड्यातुकड्याने उभे राही. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात मागून येते, पण यंत्रावर ती आधी दाबावी लागे. काही कळा दाबल्या तरी गाडा जागचा हलत नसे. हे सारे नियम टंकलेखकाच्या बोटांनी पाठ केले.

यंत्रासाठी लिपीच वाकवावी, असाही प्रयत्न झाला. १९५३ च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे लिहावी असे ठरवले. लोकांना ते रुचले नाही आणि थोड्याच वर्षांत तो निर्णय मागे घ्यावा लागला. लोकांनी आपले वळण राखले, ते योग्यच झाले.

आपल्या परभणी जिल्ह्याला ही गोष्ट अधिक जवळची आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि सरकारी कारभार उर्दूत चाले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १९६४ च्या अधिनियमाने मराठी राजभाषा ठरली. दरम्यान १९५५ साली गोदरेजने देशी टंकलेखन यंत्र तयार केले होते. खेड्यातल्या मुलाला ‘मराठी तीस’ची परीक्षा म्हणजे कचेरीचे दार झाले. मिनिटाला तीस शब्द ही त्याची जमीन, हीच त्याची विहीर!

मग संगणक आला. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ‘इन्स्क्रिप्ट’ ही मांडणी ठरवली. स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे. क आणि ख एका कळीवर, तर ग आणि घ तिच्या वरच्या कळीवर. वेलांटी उच्चाराप्रमाणे मागून. बाराखडी येणाऱ्याला ती समजते, आणि इतर भारतीय लिप्यांनाही तीच मांडणी चालते. शास्त्र म्हणून ती सरस आहे, हे मी मोकळेपणाने सांगतो. परंतु वीस वर्षे जुन्या कळांवर बसलेल्या माणसाची बोटे नव्या फलकावर पहिले काही आठवडे अडखळतातच. त्याचा वेग पडतो, चुका वाढतात. तो आळशी झाला असे साहेबाने म्हणावे काय?

अलीकडे हौशी माणसे स्वतःचा कळफलक स्वतः जोडतात. प्रत्येक कळीखाली स्प्रिंगचे स्वतंत्र बटण, आत एक छोटी चकती, आणि कोणत्या कळीने कोणते अक्षर उमटावे हे मालकाच्या मर्जीवर. जुन्या यंत्रात कळांच्या ओळी एकमेकींपासून किंचित सरकलेल्या असत, कारण खालच्या दांड्यांना जायला वाट हवी होती. दांड्या गेल्या, तरी ओळी वाकड्याच राहिल्या! हे लोक त्या सरळ करतात. कोणी फलकाचे दोन भाग करून खांद्यांच्या अंतरावर ठेवतो. त्यांनाही महिनाभर अडखळावे लागते. पण ती अडखळ त्यांनी स्वतः पत्करलेली असते आणि तेवढ्यात त्यांचा पगार कापला जात नाही. फरक आहे तो इथे.

म्हणून माझे म्हणणे असे, की नवे हत्यार येऊ नये असे नाही. ते अवश्य यावे. मात्र ते आखताना चालवणाऱ्याला विचारावे, आणि शिकण्याचे दिवस कामाचे दिवस म्हणून पगारात धरावेत. बोटांतले कसब ही श्रमिकाची मिळकत आहे. सरकार रस्त्यासाठी जमीन घेते तेव्हा मोबदला देते. मग प्रगतीसाठी कोणाची ही मिळकत घेतली, तर तिचाही मोबदला दिलाच पाहिजे.