जकात नाक्यावरची रांग

पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या खजिन्याचा मोठा आधार मार्च २०१३ अखेरपर्यंत जकात हाच होता. आणि टेल्को व बजाज यांच्यासारखे कारखाने व त्यांच्या आश्रयाने वाढलेले असंख्य लघुउद्योग ज्या मुलखात रात्रंदिवस माल आणवीत आणि पाठवीत, तेथील नाक्यांवर मालमोटारींच्या रांगा लागत यात नवल नव्हते. कारकुनाची खरी अडचण रांगेच्या लांबीत नसून तिच्या विविधतेत होती. पत्र्याला एक दर, रंगाला दुसरा, सुट्या भागांना तिसरा. नव्या जातीचा माल आला की दरपत्रकात दुरुस्ती, आणि ती प्रत्येक नाक्यावर पोहोचवण्याची तजवीज निराळी.

संगणकशास्त्रात ज्या तत्त्वाला पॉलिमॉर्फिझम अथवा बहुरूपता म्हणतात, त्याच्या पूर्वेतिहासातही एक नाका आहे, हे आमच्या या पट्ट्यातील तरुण प्रोग्रामरांना सहसा कोणी सांगत नाही. ज्या १९६६ साली टेल्कोने पिंपरीत आपले बस्तान मांडले, त्याच वर्षाच्या अखेरीस ऑस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर हे एका पुलावरील टोलनाक्याची प्रतिकृती संगणकात उभारण्याच्या विवंचनेत होते. रांगेत ट्रक होते आणि बसगाड्या होत्या. रांगेत उभे राहण्याचा धर्म दोहोंचा एक, बाकीचा संसार वेगळा. तेव्हा समान अंश एकदाच लिहून तो प्रत्येक जातीच्या वर्णनाआधी जोडावा, असा तोडगा त्यांना सुचला. १९६७ च्या सिम्युला भाषेत तो उतरला, आणि त्याच्यासोबत ‘व्हर्च्युअल’ प्रक्रियाही आल्या, ज्यांत हुकमाचे नाव मूळ वर्गात, म्हणजे त्या समान अंशात, ठरते, अंमलबजावणी मात्र ज्या-त्या उपवर्गाच्या, म्हणजे जातीच्या, स्वाधीन राहते.

हे तत्त्व हाताने अनुभवायचे तर बजाजचा चेतक पुरेसा आहे. १९७२ मध्ये आलेल्या जुन्या चेतक स्कूटरची उजवी मूठ पिळली की केबल ताणली जाई, कार्ब्युरेटरमधील झडप उघडे आणि अधिक मिश्रण इंजिनात जाई. २०१९ मध्ये चाकणच्या कारखान्यात ज्याचे उत्पादन सुरू झाले, त्या विजेवरच्या चेतकमध्ये कार्ब्युरेटर नाही. तीच मूठ पिळली असता विद्युत संकेत नियंत्रकाकडे जातो आणि तो मोटरला वाढीव प्रवाह सोडतो. चालवणाऱ्याच्या मनगटाला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नाही. आज्ञा एकच, पालन ज्याच्या-त्याच्या प्रकृतीप्रमाणे.

जुन्या वळणाचा प्रोग्राम मात्र नाक्यावरच्या कारकुनासारखा प्रथम जात विचारतो: पेट्रोलची गाडी असेल तर हे कर, विजेची असेल तर ते कर. उद्या तिसरी जात आली की जेथे जेथे हा प्रश्न विचारला गेला, ते प्रत्येक दफ्तर उघडावे लागते. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांच्या सी++ भाषेत १९८३ च्या सुमारास व्हर्च्युअल फंक्शने आली, आणि तेथे दरपत्रकच जणू गाडीत बसले: प्रत्येक वस्तू आपल्या वर्गाच्या कोष्टकाचा पत्ता गुप्तपणे बाळगते, त्या कोष्टकात कोणत्या हुकमाला कोणते फंक्शन हे नोंदलेले असते, आणि प्रोग्राम चालू असताना ते पाहून काम होते. या फेऱ्याला किंचित वेळ लागतो खरा. मोटारींतील छोट्या नियंत्रकांचे प्रोग्राम बहुधा सी भाषेत असतात. त्या भाषेत ही सोय नसल्यामुळे तेथील मंडळी फंक्शनांच्या पत्त्यांची कोष्टके स्वहस्ते लिहितात, म्हणजे तत्त्व तेच, मेहनत स्वतःची.

एवढे असूनही पाठ्यपुस्तके हा विषय कुत्रा भुंकतो आणि मांजर म्यांव करते एवढ्यावर उरकतात, हे मला खटकते. कारण त्यात रूपांची गंमत दिसते, आज्ञा देणाऱ्याची जात जाणण्याच्या गरजेतून होणारी सुटका दिसत नाही, आणि त्या सुटकेमागची अट तर मुळीच दिसत नाही. ती अट बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मधील व्याख्यानात मांडली: मूळ प्रकाराच्या जागी उपप्रकार ठेवला, तर त्यावर विसंबलेल्या प्रोग्रामच्या वर्तनात फरक पडता कामा नये. नव्या चेतकची मूठ पिळल्यावर गाडी थांबू लागली असती, तर हुकमाचे नाव जुळूनही करार मोडलाच असता.

आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील शिक्षकांना एवढीच विनंती की त्यांनी कुत्र्या-मांजरांना काही काळ रजा द्यावी, आणि पहिल्या तासाला आकुर्डीच्या रस्त्यावर जुना व नवा असे दोन चेतक शेजारी उभे करून विद्यार्थ्यांना मूठ पिळू द्यावी.