शिरूर-दौंडच्या आमदारांनी विधेयकावर काय मत दिलं? नोंद का सापडत नाही?

२०२४ च्या निवडणुकीत शिरूरमधून राष्ट्रवादी काँग्रेसचे (अजित पवार) ज्ञानेश्वर कटके, तर दौंडमधून भाजपचे राहुल कुल निवडून आले. पण त्यांनी एखाद्या विधेयकाच्या बाजूने मत दिलं की विरोधात, हे शोधायला गेलं तर बहुतेक वेळा आमदारनिहाय नोंदच मिळत नाही. याचं कारण मतदानाच्या पद्धतीत आहे.

आवाजी मतदान म्हणजे काय?

विधानसभेत बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष प्रस्ताव मताला टाकतात, सदस्य 'होय' किंवा 'नाही' म्हणतात आणि आवाजाच्या अंदाजावरून निकाल जाहीर होतो. मतं मोजली जात नाहीत, त्यामुळे कोण काय म्हणालं याची यादीही तयार होत नाही.

१० जुलै २०२५ रोजी विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत असंच मंजूर झालं. डहाणूचे माकप आमदार विनोद निकोले यांचा विरोध लोकांना कळला, कारण त्यांनी तो सभागृहात उघडपणे मांडला.

मग नोंद कधी होते?

सदस्यांनी मतविभागणी मागितली आणि ती झाली, तर मतं मोजली जातात. ४ जुलै २०२२ रोजी एकनाथ शिंदे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर शिरगणती झाली: बाजूने १६४, विरोधात ९९. याउलट १२ नोव्हेंबर २०१४ रोजी फडणवीस सरकारने आवाजी मतदानाने विश्वास जिंकला, तेव्हा मोजणी न झाल्याने मोठा वाद झाला होता.

मोजलेलं मतही आमदाराचं स्वतःचं असेलच असं नाही. पक्षाचा व्हिप मोडून मतदान केलं आणि पक्षाने १५ दिवसांत ते माफ केलं नाही, तर दहाव्या परिशिष्टानुसार आमदारकी जाऊ शकते.

मतदाराने काय पाहावं?

आमदाराने चर्चेत काय भाषण केलं, कोणती दुरुस्ती सुचवली, कोणते प्रश्न विचारले, हे विधिमंडळाच्या कार्यवाहीत नोंदलेलं असतं. 'आमच्या आमदाराने या कायद्याविरोधात मत दिलं' अशी पोस्ट दिसली, तर आधी एकच गोष्ट तपासावी: त्या दिवशी मतं मोजली होती का? मोजली नसतील, तर त्या दाव्याला मतदानाच्या नोंदीचा आधार नाही.