बागेतले रान

बागेतले गवत गुडघ्याला लागू लागले की आपण म्हणतो, "रान माजले! नगरपालिका झोपली आहे काय?" या एका उद्गारामागे दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे. तो ध्यानात घेतल्यावाचून, शहरातल्या उद्यानाचा एखादा भाग पुन्हा रानाच्या हवाली करावा, हा अलीकडचा विचार आपल्या लोकांना का रुचत नाही हे उमगणार नाही.

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या हाती गेला तेव्हा लढाया, लूट आणि दुष्काळ यांनी गावेच्या गावे ओस पडली होती. शेतांवर झाडोरा चढला होता आणि त्यात वाघ नांदत होते. भिल्ल पलटण उभारणारा औट्राम वाघाच्या शिकारीसाठीही तितकाच गाजला. कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याची नवी वस्ती सरळ रस्ते आखून वसविली. रान मागे हटणे म्हणजे सुधारणा, हे समीकरण तेव्हापासून आपल्या हाडीमाशी खिळले, आणि ज्यांची गुरे वाघाने नेली त्यांना त्याबद्दल दोष कसा द्यावा? परंतु ज्यांचे घरच रान होते त्या भिल्लांना कोणी विचारले नाही. १८७८ च्या जंगल कायद्याने तर त्यांना स्वतःच्याच अंगणात चोर ठरविले.

पुढे बागा आल्या त्या साहेबाच्या नजरेने. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेचा. १९५० साली वनमहोत्सव सुरू झाला. त्यानंतरच्या दशकांत सुबाभूळ, निलगिरी, गिरिपुष्प अशी झटपट वाढणारी झाडे लावण्याची चढाओढ लागली. गुलमोहराच्या सावलीत मीही अनेक सभा घेतल्या आहेत, तेव्हा त्याची निंदा माझ्या तोंडी शोभणार नाही. पण जळगावच्या मेहरूणची बोरे नावाजलेली. ते काटेरी झाड आमच्या बागांत कोणी मानाने लावलेले मी पाहिले नाही. अंजन, पळस, खैर ही आपली झाडे. अंजनाची मुळे खोल जातात, ते खडकाळ जमिनीत, कमी पाण्यावर तगते. आणि आपण जोपासतो काय? हिरवळ! मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे झुकतो, घरात नळ कधी येणार म्हणून बायाबापड्या दिवस मोजतात, आणि बागेत पाईप चालू असतो.

रान होऊ देणे म्हणजे बाग वाऱ्यावर सोडणे, असा मात्र समज नको. नुसते हात आखडले तर आधी गाजरगवत येते, मग घाणेरी. हे गाजरगवत परदेशी धान्याबरोबर आले असे मानतात. १९५६ साली पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरले. ते उपटायचे, मारवेल, पवन्या राखायचा, बी धरेपर्यंत विळा लावायचा नाही, हे सारे कामच आहे, आणि जाणत्या हाताचे काम आहे. मुंबईत धारावीला लागून शहराचा कचरा टाकण्याची जागा होती. तिथे माणसांनी माती आणली, रोपे लावली, पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींसारखे लोक पाठीशी राहिले, आणि १९९४ साली सदतीस एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुले झाले. जेथे नाक धरून जावे लागे तेथे आता शाळेची मुले फुलपाखरे पाहायला जातात.

आपल्याकडच्या एका गावातली गोष्ट सांगतो. गावाचे नाव नको. उद्यानातल्या एका म्हाताऱ्या माळ्याने पावसाळ्यात भिंतीकडचे गवत कापायचे ठेवले. नागरिकांचा अर्ज गेला: साप निघतील, संध्याकाळी बायकांनी तिकडून जावे कसे? भीती खोटी नव्हती; तिथे दिवाही नव्हता. पण दिवा लावण्याऐवजी माळ्याला कामचुकारपणाची नोटीस मिळाली. युनियनच्या वतीने मी गेलो. माझीही समजूत हीच, की म्हातारा थकला असेल. त्याने एक काडी उपटून माझ्या हातात दिली. "भाऊ, हाई तन नही, हाई मारवेल शे." त्या काडीवरून त्याने मला तासभर गवतेच दाखविली, मुनियांच्या घरट्यापाशी नेऊन हळू बोलायला सांगितले. तीस वर्षे कामगारांच्या हातांविषयी भाषणे करणाऱ्या मला या हातांना काय ठाऊक आहे हे कळले नव्हते, याची लाज वाटली.

साहेबापुढे मी ती काडी ठेवली. ते हसले, पण नोटीस मागे घेतली. अर्ज करणाऱ्यांपैकी दोघी बाया पुढे माळ्याबरोबर गवत पाहायला गेल्या; त्यांपैकी एकीने माहेरी गुरांना हेच घालत असल्याचे ओळखले. तरीही दसऱ्याच्या आत वरून हुकूम आला आणि तो भाग यंत्राने सफाचट झाला. दिवा अजून लागलेला नाही.