उललेलं अंग, उललेलं रान

पौषातली सकाळ. चुलीपुढं शेकत बसलेल्या पोराच्या नडगीवर नखानं रेघ ओढली की खडूसारखी पांढरी उमटते. मंगळवेढ्याला आजोळी असलो की आम्ही भावंडं या फुकटच्या पाटीवर आपापली नावं लिहायचो, थुंकीनं पुसायचो, परत लिहायचो. आजी बघायची आणि म्हणायची, "अंग उललंय की रं समद्यांचं. त्यालाची वाटी आण." त्याच वेळी ओसरीवर आजोबा गड्याला सांगत असायचे, "खालचं रान उललंय, उद्या कोळपं घाल." आत अंग उललेलं, बाहेर रान उललेलं. दोघांनी एकच क्रियापद वापरलं आहे हे कळायला मला पुढची तीस वर्षं लागली.

आता आपण "त्वचा कोरडी पडते" म्हणतो. त्यात चूक काही नाही, पण उलणं त्याहून नेमकं आहे. काच तडकते, ती एकदाच आणि आवाज करून. कापड फाटतं, त्याला कुणीतरी ओढावं लागतं. उलणाऱ्या वस्तूला बाहेरून कुणी हात लावलेला नसतो. आतली ओल गेली की ती आपसूक, हळूहळू, तोंड उघडते. ओठ उलतात, टाचा उलतात, काळी जमीन उलते.

मंगळवेढ्याची जमीन तर उलण्यासाठीच जन्मलेली. भारी काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते आणि बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. या मातीत ज्वारी पेरायची सप्टेंबर-ऑक्टोबरात. त्यानंतर पाऊस जवळजवळ नाहीच. मालदांडी ज्वारीचं ताट पुरुषभर वाढतं ते मातीत साठलेल्या ओलीवर. इथल्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागं ही ओल धरून ठेवणारी काळी आहे. पण भेग पडली की ओल तिच्यातून उडून जाते. म्हणून कोळपणी. पहिली तिसऱ्या आठवड्यात, दुसरी पाचव्या आणि शेवटची आठव्या आठवड्यात, दातेरी कोळप्यानं. वरची माती भुसभुशीत होऊन भेगांत पडते, तोंडं बुजतात. "एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी" हे वाक्य त्या भागातल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. कोळप्यानं पाण्याचा थेंबही मिळत नाही, आहे ते जात नाही एवढंच.

अंगाला तेल लावण्याचं काम अगदी हेच. कातडीचा सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, त्यांच्या सांध्यांत स्निग्ध पदार्थ भरलेले असतात. थंडीतली कोरडी हवा आणि बंबातलं कडकडीत पाणी हा सांधा धुऊन नेतात, आतली ओल उडू लागते आणि अंग उलतं. तेलानं ओल मिळत नाही, ती फक्त अडते. तेव्हा पार वाळल्या अंगावर तेल फासण्यापेक्षा अंघोळ झाल्यावर, अंग टिपलं आहे पण पुरतं वाळलं नाही, अशा वेळी लावावं. शेतकरी या स्थितीला वाफसा म्हणतो. चिखलात कोळपं चालत नाही आणि खडखडीत ढेकळांत चालवून उपयोग नाही. अंगालाही वाफसा येतो, तो पाचएक मिनिटं टिकतो. पाणी मात्र कोमट हवं. कडकडीत पाण्यानं अंघोळ करून मग महागडं मलम चोपडणं म्हणजे बांध फोडून पाणी अडवायला जाणं.

आजीच्या पितळी वाटीतलं तेल करडईचं. ती त्याला करडेल म्हणायची. खोबऱ्याचं ते खोबरेल, एरंडाचं एरंडेल, गोव्यात भिंडांचं म्हणजे कोकमाच्या बियांचं भिंडेल. शेवटचं हे 'एल' म्हणजे झिजून गुळगुळीत झालेलं तेल. आणि तेल म्हणजे तरी काय? संस्कृतात तैल, म्हणजे तिळाचं. पहिल्यांदा तेल निघालं ते बहुधा तिळातून, मग ज्याच्यातून निघेल त्याला तेच नाव. खोबरेल तेल म्हणताना आपण 'खोबऱ्याचं तिळाचं तिळाचं' असं काहीतरी बोलत असतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. इंग्रजांचंही तेच. त्यांचा ऑइल हा शब्द मुळात ऑलिव्हचा. ज्याच्या शेतात जे पिकलं, त्याचं नाव सगळ्या तेलांना. गंमत रॉकेलची आहे. खोबरेल, एरंडेल यांच्या पंक्तीत ते सख्ख्या भावासारखं बसतं, पण आलंय रॉक ऑइलवरून. आणि 1872 साली रॉबर्ट चेझब्रो यांनी पेटंट घेतलेल्या व्हॅसलीनच्या पोटात जर्मन वासर म्हणजे पाणी आणि ग्रीक एलायन म्हणजे तेल असे दोन शब्द आहेत. ते एलायनही पुन्हा ऑलिव्हचंच.

करडई इकडं ज्वारीच्या रानातच असते. आत काही ओळी, कडेनं काही. झाड काटेरी, त्यामुळं भटकं जनावर आत घुसायला धजत नाही. एकाच झाडानं कुंपण द्यायचं, कोवळेपणी भाजी द्यायची, फुलांचा कुसुंबी रंग द्यायचा आणि शेवटी तेल. या तेलात लिनोलेइक आम्लाचा वाटा साधारण पाऊण, आणि कातडीच्या त्या सांध्यांत जे स्निग्ध पदार्थ लागतात त्यांना हेच आम्ल लागतं. आजीला हे नाव ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिचं कारण साधं होतं: खोबरेल थिजतं.

थिजणं हाही हिवाळ्याचा शब्द. खोबरेल चोविसेक अंशांच्या खाली गेलं की पांढरं दगड होतं. शाळेच्या घाईत बाटली उलटी करून तळहातावर आपटायची, मग उन्हात ठेवायची, मग चुलीच्या कडेला, आणि एखादा ती वितळवूनही टाकायचा, बाटलीसकट. करडईचं तेल कितीही गारठा पडो, पातळ ते पातळ. केसांसाठी मात्र माझं मत खोबरेलाकडं झुकतं. 2003 साली आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खनिज तेल, सूर्यफुलाचं तेल आणि खोबरेल यांची केसांवर तुलना केली. धुण्याआधी किंवा नंतर लावल्यावर केसांतली प्रथिनं गळण्याचं प्रमाण खोबरेलानंच कमी झालं, कारण ते केसाच्या आत शिरतं. थिजण्याचा त्रास सोसावा, एवढा गुण त्यात आहे.

आमच्याकडं जेवताना विचारतात, "कोरड्यास काय हाय?" पुण्यातल्या पाहुण्याला हे कळत नाही. ज्वारीची भाकरी कोरडी, त्या कोरडीला लावून खायला जे असेल ते कोरड्यास. आमटी असो, पिठलं असो, शेंगाचटणीवर ओतलेलं तेल असो. संस्कृतात याला व्यंजन म्हणतात, आणि व्यंजन ज्या अञ्ज् धातूपासून निघालं त्याच धातूपासून डोळ्यातलं अंजन आणि दिवाळीचं अभ्यंग. मुळात अर्थ माखणं, लेपणं. माखणं हा शब्द म्रक्षणातून आला, हिंदीतलं मक्खनही त्यातलंच. म्हणजे भाकरीला तूप चोपडणारी बाई आणि लेकराच्या पाठीला तेल चोपडणारी बाई भाषेच्या हिशेबानं एकच काम करत असते. चोपडणंसुद्धा प्राकृतातल्या चोप्पडपासून जसंच्या तसं आलेलं.

तुपाचं मूळ शोधायला मंगळवेढ्याहून फार लांब जावं लागत नाही. दक्षिणेला थोडं गेलं की कन्नड लागते आणि कन्नडात तूप म्हणजे तुप्प. प्राकृतातही तुप्पच. हालाच्या गाथासप्तशतीत हा शब्द येतो तो ताटातल्या नव्हे, बायकांच्या चेहऱ्याला माखलेल्या तुपाच्या संदर्भात. बाराव्या शतकात हेमचंद्राने देशी शब्दांचा कोश केला, त्यात तुप्पाचे अर्थ देताना माखलेलं आणि स्निग्ध हेही दिले. त्याच शतकात मंगळवेढ्यात कलचुरींचा अंमल होता. त्या वेळच्या मंगळवेढेकरणीच्या उललेल्या ओठांवर रात्री तूपच लागत असणार. आजही बेंबीत आणि ओठावर तुपाचं बोट लावून निजणारी माणसं त्या गावात भेटतात.

केसांचा शब्द मात्र आपल्याला फसवतो. कोंडा. ज्वारीच्या मुलखात हा शब्द कुठून आला हे सांगायला नको. चाळणीत राहतो तो कोंडा, खांद्यावर पडतो तोही कोंडा. ग्रीकांनाही हेच दिसलं. त्यांच्या भाषेत पिटिरॉन म्हणजे कोंडाच, आणि डॉक्टर चिठ्ठीवर जे पिटिरियासिस लिहितात ते त्यातूनच. उपमा सुरेख आहे, पण कोंडा म्हटलं की आपल्याला वाटतं हा कोरडेपणाचा प्रकार, तेव्हा घाला तेल. थंडीत नुसती टाळू कोरडी पडून बारीक पापुद्रे निघत असतील तर तेल चालतं. पण खाज, लाली आणि तेलकट पिवळट खपल्या असतील तर त्यामागं मॅलेसेझिया नावाचं यीस्ट असतं. 1874 साली लुई शार्ल मालासे यांनी त्याचं वर्णन केलं. ते टाळूवरच्या तेलावरच जगतं. अशा डोक्यावर रोज वाटीभर तेल थापणं म्हणजे उंदरांनी भरलेल्या कणगीत आणखी ज्वारी ओतणं. तिथं औषधच हवं.

न्हाण्याचं सांगतो. अंघोळ रोजची, न्हाणं केसांवरून, आठवड्याचं. भोगीच्या दिवशी तर बायका न्हायल्याशिवाय बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकरीला हात लावायच्या नाहीत. न्हाणं म्हणजे स्नानच, प्राकृतातल्या ण्हाणातून आलेलं, आणि न्हावी म्हणजे मुळात न्हाऊ घालणारा. पालीत त्याला नहापित म्हणतात. वस्तरा त्याच्या हातात नंतर आला.

न्हायला लागायची शिकेकाई. हिच्यातली काई म्हणजे शेवाळ नव्हे. कन्नडात सीगे ही झुडूपवेल आणि कायि म्हणजे फळ. तेंगिनकायि म्हणजे नारळ, तशी सीगेकायि. आपण ती घेताना फळ सोडलं नाही आणि समजूनही घेतलं नाही. रिठा मात्र इकडचा, संस्कृत अरिष्टकाचा. दोघांत सॅपोनिन असतं म्हणून फेस येतो, आणि कोरड्या केसांना रिठा शिकेकाईपेक्षा जास्त झोंबतो, म्हणून थंडीत आजी रिठे एक-दोनच टाकायची. शाम्पूची गोष्ट उलट्या वाटेची. हिंदीत चाँपो म्हणजे दाब, चेप. आपल्या पाय चेपण्याच्या जवळचाच शब्द. पाटण्यात 1759 साली जन्मलेल्या दीन महंमदांनी इंग्लंडात ब्रायटनला शाम्पूइंगचं स्नानगृह चालवलं आणि राजाच्या अंगाची चंपी करण्याचा मान मिळवला. तिथं चंपीचा अर्थ घसरत घसरत डोकं धुण्यावर आला आणि शंभर वर्षांनी तो फेसाच्या बाटलीत बसून परत आला. चंपी तेवढी वाटेत गळाली.

आणि आता माझ्या आवडीचं क्रियापद. जाहिराती सांगतात तेल लावा. आजी कधीच लाव म्हणाली नाही. ती म्हणायची, "जिरव." टाळूवर तेलाचं बोट टेकवायचं आणि बोटांच्या पेरांनी गोल फिरवत राहायचं, तेल दिसेनासं होईपर्यंत. हात निसटला की, "वरवर नगं, जिरव." जिरणं आलं संस्कृत जीर्यते वरून, पचणं. जेवण जिरतं, त्याला मदत करतं म्हणून जिरं. रानात पाणी जिरतं, 'पाणी अडवा, पाणी जिरवा' भिंतीभिंतीवर लिहिलेलं आपण सगळ्यांनी वाचलं आहे. आणि कुणाची मस्ती जिरवायची असते ती वेगळी. मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडच्या कोरडवाहू गावांत पाण्याच्या मागणीसाठी माणसांची उमर गेली, तिथं जिरवणं हा शब्द कुणी सैल तोंडानं वापरत नाही. लावलेलं तेल उशीला जातं, जिरवलेलं अंगाला लागतं, असं आजीचं गणित होतं. वाटीच्या तळाशी उरलेलं ती स्वतःच्या टाचांना फासायची आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळून निजायची. डॉक्टर आज मलमानंतर मोजे घालायला सांगतात, ते हेच.

त्या उललेल्या टाचांना आमच्याकडं जळवात म्हणतात. आयुर्वेदात पाददारी. तुमच्या गावात तिला काय म्हणतात, आणि ते सांगणारं म्हातारं माणूस घरात असेल तर टाचेला काय लावतात, हे दोन्ही लिहून कळवा.