राडारोड्याची लादी

डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला मी पाडलेल्या इमारतींच्या काँक्रीटमधून लाद्या घडवते आहे. हे काही नवं खूळ नाही. आपल्याकडे गवंडी भाजक्या विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, चुन्यात घालून घाणीत मळायचे. हौदाच्या गिलाव्याला तर ती हवीच, कारण तिच्यामुळे चुना ओल्यातही घट्ट होतो. रोमन गवंड्यांनी हेच फुटक्या कौलांच्या चुऱ्यातून साधलं. व्हेनिसच्या कारागिरांनी संगमरवराच्या वाया गेलेल्या कपच्यांतून तेराझ्झो केला. त्याच जातीची मोझॅक लादी पुढे आपल्या घरांत, शाळांत आली. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनांनी पडलेल्या घरांच्या विटा फोडून काँक्रीट ओतलं.

आपल्याकडे नियम यायला २०१६ उजाडलं. त्या वर्षीच्या आयएस ३८३ या भारतीय मानकानुसार, पाडकामातली जाड खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत चालते. सळईच्या कामात २० टक्के, तेही एम-२५ प्रतीच्या काँक्रीटपर्यंतच.

एवढा हात आखडता का, ते घमेल्यात कळतं. जुन्या खडीला चिकटलेला मसाला पाणी पितो आणि माल कोरडा पडतो. म्हणून मी खडी रात्रभर भिजवते, निथळून वरून कोरडी झाली की मगच सिमेंटमध्ये घेते. लादी पक्की झाल्यावर पॉलिशचा दगड फिरवला की काळ्या खडीभोवती जुन्या सिमेंटची फिकट कड उमटते. रंग घालून ती लपव, असं बरेच जण सुचवतात. मला मात्र ती कड दाखवूनच लादी विकायची आहे.