‘बच्चा जेल’ : एका शब्दाचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास

आमच्या लहानपणी चांदूर बाजारात द्वाड पोराला गप्प करायचं एक हुकमी वाक्य होतं : ‘‘बच्चा जेल में डाल देंगे!’’ शाळा बुडवली, कुणाच्या बगिच्यातली संत्री तोडली, की हेच ऐकायचं. हे बच्चा जेल कुठे आहे, तिथे पोरं काय करतात, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. मी मोठा झालो, बी.एड. केलं, उर्दू आणि मराठी शिकवू लागलो. तो शब्द मात्र माझ्या डोक्यात जसाच्या तसा राहिला.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक मुलगा त्या शब्दाच्या आत जाऊन आला. नववीत होता. मोठ्या पोरांबरोबर चोरीच्या मोटारसायकलवर सापडला. बालन्याय मंडळापुढे उभा राहिला, काही दिवस निरीक्षणगृहात राहिला आणि जामिनावर घरी आला. दुसऱ्याच दिवशी त्याची अम्मी शाळेच्या फाटकाशी उभी. म्हणाली, ‘‘सर, नाम तो नहीं काटे ना इसका?’’

नाव कापलं नव्हतं. पण दाखला हातात देऊन मोकळं व्हावं, असं बोलणं शिक्षकांच्या खोलीत झालं होतं आणि मी त्या वेळी मान खाली घालून बसलो होतो. त्या गप्प बसण्याची टोचणी मनातून गेली नाही. म्हणून मी या शब्दाचा इतिहास वाचायला घेतला. वाचकहो, तोच आज तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात १८५० ची. त्या वर्षी कंपनी सरकारने शिकाऊ उमेदवारांचा कायदा केला. दहा ते अठरा वर्षांच्या अनाथ, गरीब किंवा किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना कारागिराच्या हाताखाली बांधून द्यावं, अशी त्यात सोय होती. त्याच वर्षी मुंबईत ‘बॉम्बे टाइम्स’चे संपादक जॉर्ज बुइस्ट यांनी अशा मुलांसाठी उद्योगशाळा काढली. बगदादहून मुंबईत येऊन स्थायिक झालेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांनी तिला मोठा आधार दिला आणि १८५७ पासून ती त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. माटुंग्याची डेव्हिड ससून उद्योगशाळा ती हीच.

यामागचा विचार साधा होता : पोराला सराईत कैद्यांत ठेवलं तर ते सराईत होऊनच बाहेर पडेल. पण विचार एका बाजूला आणि कायदा दुसऱ्या बाजूला, असं बराच काळ चाललं. १८६० च्या दंडसंहितेने सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हा मानलं नाही. सात ते बारा वयाच्या मुलाची समज पाहावी, असं सांगितलं. बारा पूर्ण झाली की मूल आणि मोठा माणूस एकाच मापात. १८६४ च्या कायद्याने तर अल्पवयीन मुलांना फटक्यांची शिक्षा देण्याची मुभा दिली. १८७६ आणि १८९७ मध्ये सुधारशाळांचे कायदे आले. १८९७ च्या कायद्यात पंधरा वर्षांखालच्या मुलाला तुरुंगाऐवजी तीन ते सात वर्षं सुधारशाळेत ठेवता येत असे.

आता आपल्या वऱ्हाडाकडे वळू. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलं आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं गेलं. त्यामुळे आपली कचेरी नागपूरला आणि सुधारशाळा थेट जबलपूरला. त्या गावाची ओळखही विचार करायला लावणारी आहे. १८३७ मध्ये तिथे पकडलेल्या ठगांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी उद्योगशाळा काढली होती. बापाचा गुन्हा पोराच्या रक्तात असतो, अशी त्या काळची समजूत. आमच्या तालुक्यातलं पोर तिकडे पाठवलं गेलं असेल, तर त्याच्या आईबापाला भेटीचा खर्च तरी परवडला असता का? सुधारणेच्या नावाखाली घर तुटतं, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

१९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांसाठी वेगळी न्यायालयं असावीत, चौकशी चालू असताना त्यांना तुरुंगात नव्हे तर वेगळ्या घरात ठेवावं, असं सुचवलं. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये, मुंबईने १९२४ मध्ये आणि आपल्या मध्य प्रांताने १९२८ मध्ये बालकांचा कायदा केला. मुंबईत १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि ‘रिमांड होम’ हा शब्द मराठीत रुळला.

पण हे रिमांड होम बसलं कुठे? डोंगरीला, उमरखाडीच्या जुन्या तुरुंगात. तो तुरुंग १८०४ चा. टिळक आणि आगरकर यांनी १८८२ मध्ये जे १०१ दिवस काढले, ते डोंगरीच्याच तुरुंगात. पाटी बदलली, भिंती त्याच राहिल्या. मग आमच्या आयाबहिणी ‘बच्चा जेल’ म्हणत होत्या, यात त्यांची चूक ती काय?

बाहेरच्या जगातही हाच झगडा दिसतो. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ विचर्न नावाच्या धर्मोपदेशकाने १८३३ मध्ये मुलांची वसाहत काढली. मोठी बराक नाही. लहान लहान घरं, प्रत्येक घरात डझनभर मुलं आणि त्यांच्यासोबत राहणारा एक मोठा माणूस. फ्रान्समध्ये १८४० मध्ये मेत्रे इथे त्याच धर्तीवर वसाहत झाली, पण एका ‘कुटुंबात’ चाळीसच्या आसपास मुलं कोंबली गेली. नाव कुटुंबाचं, शिस्त छावणीची. अमेरिकेत मिझुरी राज्याने १९८३ मध्ये आपली भली मोठी सुधारशाळा बंद केली आणि दहा-बारा मुलांचे गट करून घराजवळच्या लहान केंद्रांत ठेवायला सुरुवात केली. म्हणजे विचर्नची दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट पुन्हा नव्याने शोधावी लागली.

स्वातंत्र्यानंतरही आपल्याकडे मुलं तुरुंगात होतीच. पत्रकार शीला बारसे यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. १९८६ मध्ये न्यायालयाने राज्यांना खडसावलं आणि त्याच वर्षी देशभरासाठी एक बालन्याय कायदा झाला. त्यात मुलगा सोळाव्या वर्षी मोठा ठरत होता. २००० च्या कायद्याने ती मर्यादा अठरावर नेली. २०१२ च्या दिल्ली प्रकरणानंतर देश संतापला आणि २०१५ चा कायदा आला. त्यानुसार सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिशय गंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर मंडळाच्या प्राथमिक तपासणीनंतर त्याचा खटला मोठ्यांसारखा चालवता येतो.

या एका तरतुदीची चर्चा फार झाली. बाकीच्या कायद्याकडे आपण पाहिलंच नाही. मुलाला कोठडीत ठेवायचं नाही, बेडी घालायची नाही, चोवीस तासांत मंडळापुढे न्यायचं. मंडळात न्यायदंडाधिकाऱ्यासोबत दोन सामाजिक कार्यकर्ते असतात आणि त्यांत किमान एक स्त्री हवीच. समज देऊन सोडण्यापासून विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवण्यापर्यंतचे आदेश मंडळ देऊ शकतं. मुलाचं नाव आणि शाळा छापायला मनाई आहे. प्रकरण मिटल्यावर चारित्र्याच्या दाखल्यासाठी ती नोंद पोलिसांनी उघड करायची नाही. अठरा पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्याला एकविसाव्या वर्षापर्यंत, गरज पडल्यास तेविसाव्यापर्यंत, मदतीची सोय आहे.

अठरानंतर काय, हा प्रश्न आमच्या भागाला नवा नाही. परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकर टाकून दिलेल्या अपंग मुलांचे बाप झाले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अठरा वर्षं झाली म्हणून या मुलांना कुठे पाठवायचं, हा त्यांचा सरकारला वर्षानुवर्षांचा सवाल आहे. ती मुलं वेगळी, त्यांचा काही गुन्हाच नाही. तरी दोन्हीकडे गोष्ट एकच : घराचं दार कोणत्या तारखेला बंद होतं, हे कागद ठरवतो. पुढे पोर कुठे जाईल, ते कागदाला माहीत नसतं.

आता थोडं आपल्या मोहल्ल्याविषयी. नाबालिग मूल ‘मुकल्लफ’ नसतं, म्हणजे शरियतच्या हुकुमांचा भार त्याच्यावर नसतो, हे आपण मकतबमध्ये शिकलो. यतीमखान्याला जकात देताना आपला हात आखडत नाही. मग कोर्टातून परत आलेलं पोर दिसलं की आपण आपल्या मुलाचा हात का ओढतो? त्याच्यासोबत खेळू नको, असं हळूच का सांगतो? कायदा नोंद पुसायला सांगतो. गाव मात्र ती तोंडपाठ ठेवतं.

एवढं वाचून मला कळलं, ते इतकंच : पावणेदोनशे वर्षं सगळा वाद घरावर झाला. भिंती किती उंच, मुलं किती, वर्षं किती. परत येण्यावर फार कमी बोललं गेलं. आणि मूल परत येतं ते मंडळाकडे नाही, शाळेत येतं. म्हणजे माझ्याकडे.

त्या मुलाला मी पुन्हा वर्गात बसवलं, दुसऱ्या बाकावर. मोठं काम केलं असं नाही, उलट उशिराच केलं. पहिला महिना तो खिडकीबाहेर पाहत राहायचा. शेजारी बसायला कुणी तयार नव्हतं, म्हणून मी एका मुलाला विनंती केली. पुढे तो दहावी पास झाला. आता संत्र्याच्या हंगामात माल भरायच्या कामावर असतो. रस्त्यात भेटला की सलाम करतो. त्याच्या अम्मीला मी तेव्हा फाटकाशी काय उत्तर दिलं होतं, ते त्याला माहीत नाही. मी म्हणालो होतो, ‘‘देखते हैं.’’

पुन्हा कुणी विचारलं, तर हे दोन शब्द माझ्या तोंडून निघू नयेत. त्यासाठीच हे लिहून ठेवलं.