सुलभाचा विरुद्धार्थी शब्द

‘सुलभीकरण’ हा शब्द अलीकडे शिवीसारखा वापरला जातो. एखाद्या जाणकाराने अवघड विषयावर चारचौघांना कळेल असे पुस्तक लिहिले, की परीक्षणाच्या शेवटी शेरा ठरलेला: ‘मात्र विषयाचे सुलभीकरण झाले आहे.’ यामागचा पूर्वपक्ष असा: अवघडपणा विषयाच्या अंगचाच असतो, तो कमी केला की तेवढा विषयच कमी होतो. म्हणून सुलभीकरण म्हणजे दुधात पाणी. या म्हणण्याला आधार मुळीच नाही असे नाही, त्याकडे पुढे वळू. पण ते उभे आहे शब्दाच्या चुकीच्या अर्थावर.

सुलभ म्हणजे सोपे, असे आपण धरून चालतो. तसे असते तर त्याचा विरुद्धार्थी शब्द ‘कठीण’ झाला असता. पण शाळेतले पोरही सांगेल, की तो ‘दुर्लभ’ आहे. आणि गणिताचा पेपर दुर्लभ गेला, असे ते पोर कधी म्हणणार नाही. दोन्ही शब्द ‘लभ्’ म्हणजे मिळणे या धातूचे. लाभ, उपलब्ध, अलभ्य ही त्यांची भावंडे. सुलभ म्हणजे सहज मिळणारे. ‘बालसुलभ कुतूहल’ हे काही सोपे कुतूहल नव्हे. ते मुलांच्या ठायी सहज आढळते, इतकेच. ‘सुलभ हप्त्यां’नी फ्रिजची किंमत उतरत नाही, व्याज धरले तर चढतेच, फ्रिज मात्र हाताशी येतो. बिंदेश्वर पाठक यांनी १९७० साली स्थापन केलेल्या सार्वजनिक शौचालयांच्या संस्थेमुळे हा शब्द शहरोशहरी पाटीवर चढला. स्टेशनाबाहेर घाईघाईने ‘सुलभ कुठंय हो?’ असे विचारणाऱ्याला सोपेपणाची चर्चा नको असते. त्याला ते जवळ हवे असते.

व्याकरणही हेच सांगते. ‘-ईकरण’मधल्या च्वि प्रत्ययाचा अर्थ वैयाकरण ‘अभूततद्भाव’ असा देतात: जे तसे नव्हते, ते तसे होणे. मळके वस्त्र पांढरे केले तर ते शुक्लीकरण; ते टाकून दुसरे पांढरे आणले तर नव्हे. वस्तू तीच राहिली पाहिजे. सुलभीकरणात तिची प्राप्ती तेवढी बदलते. आशय गळाला असेल, तर सुलभीकरण बिघडले असे म्हणू नये. ते झालेच नाही.

प्रतिपक्ष म्हणेल, ‘सुलभ’चे राहू द्या, ‘सरलीकरणा’चे काय? त्याचे उत्तर प्राथमिक शाळेच्या वहीत आहे. १२/१८ ला सरळरूप दिले की २/३ येते. आकडे लहान झाले, किंमत तीच. किंमत बदलली, तर गुरुजी लाल फुली मारतात.

शब्दार्थ सोडून इतिहासाकडे यावे, तर मराठी वाङ्मयाचा आरंभच या वादात साक्षीला उभा आहे. महानुभाव पंथातले पंडित केशोबास संस्कृतात ग्रंथरचना करू लागले, तेव्हा पंथाचे प्रमुख नागदेवाचार्य यांनी त्यांना थांबवले. कारण दिले ते पंथातल्या म्हाताऱ्यांचे: संस्कृतात लिहाल तर त्या बिचाऱ्या वंचित राहतील. म्हणून महानुभावांचे तत्त्वज्ञान सोपे झाले का? याच केशोबासांनी पंथसंस्थापक चक्रधरांची मराठी वचने ‘सूत्रपाठा’त संकलित केली. ती इतकी आटोपशीर आहेत, की त्यांवर पिढ्यानपिढ्या भाष्ये लिहिली गेली. भाषा म्हातारीच्या अंगणातली, अर्थ पंडितालाही पुरून उरणारा. सुलभ आणि सोपे यांतले अंतर याहून स्पष्ट काय दिसावे?

शके १२१२ मधल्या ज्ञानेश्वरीचेही तेच. गीतेचे ७०० श्लोक, ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार. पाणी घातल्यानेही दुधाचे माप वाढतेच, असा टोमणा येईल. पण इथे वाढले ते दृष्टांत आणि विवरण, म्हणजे चढणाऱ्यासाठी खोदलेल्या पायऱ्या. गड तेवढाच उंच राहिला. सात शतके निरूपणे चालूनही तो सर झाला, असे कोणी कीर्तनकार म्हणत नाही.

आता पूर्वपक्षाचे जे खरे, ते मान्य करू. परीक्षेच्या तोंडावर खपणारे ‘अपेक्षित’ प्रश्नसंच कारणे छाटून नुसते निष्कर्ष हाती देतात. काही लोकप्रिय पुस्तकेही मतभेद लपवून एकच बाजू सिद्धान्त म्हणून मांडतात. असे लेखन झोडपलेच पाहिजे. पण त्यासाठी मराठीत ‘काटछाट’ हा रोखठोक शब्द आहे. काटछाट करणाऱ्याचे कष्ट वाचतात. सुलभ करणाऱ्याला विषय दोनदा शिकावा लागतो, एकदा स्वतःसाठी आणि एकदा न कळणाऱ्याच्या जागी बसून. दोघांना एकाच शब्दाखाली कोंबले, की दुसऱ्याच्या श्रमावर पहिल्याचे पाप चढते.

तेव्हा परीक्षकांना विनंती एवढीच, की पुस्तकातून काय गळाले ते नाव घेऊन सांगावे: कोणता अपवाद, कोणता पुरावा, कोणते कारण. असे काहीच दाखवता येत नसेल आणि तरी ‘सुलभीकरण झाले आहे’ असे लिहायचेच असेल, तर अवश्य लिहावे. लेखकाने ते प्रशस्तिपत्र म्हणून जपून ठेवावे.